प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ नव्हे!

आपल्याकडे कुणाचा डोळा लाल झाला की घरातले सगळेच डॉक्टर होतात. कुणी म्हणते डोळे आले, कुणी म्हणते उष्णता वाढली, कुणी म्हणते नजर लागली. मग गुलाबजल येते, मध येतो, नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेकडून वाटीत दूध मागून आणले जाते. फार शिकलेला असेल तो मेडिकलच्या दुकानातून ‘डोळ्याचा ड्रॉप’ आणतो आणि आपण शास्त्रशुद्ध उपचार केला या समाधानात राहतो. आम्ही या शेवटच्या गटातले. त्या शहाणपणाची किंमत आमच्या घराने एका डोळ्याने मोजली. म्हणून हा लेख.

आमचे गाव माकणी. तेरणा नदीवरचे निम्न तेरणा धरण जिथे आहे तेच हे माकणी, धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले. २०१८ साली धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जोडून रजा टाकून आम्ही गावी गेलो होतो. सोयाबीनची काढणी चालू होती. आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या तळपायात आठ दिवसांपूर्वी सोयाबीनचे धसकट घुसले होते. नानांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार. गोळी कधी घ्यायची, कधी विसरायची. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव बोथट झालेली असते, म्हणून ठणका फारसा नव्हता. काकूंनी हळद दाबून फडके बांधले होते. आतून पू धरला होता, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

दोन दिवस हुडहुडी भरून ताप आला. गावात इंजेक्शन झाले, एक सलाईनही झाली. ताप उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लाल झाला आणि दुखू लागला. शेजारी म्हणाले, “डोळं आल्यात, दुसरं काय! काळा चष्मा घाला की.” आम्ही मोटरसायकल काढली आणि मेडिकलमधून ड्रॉप आणला. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आम्हीही विचारले नाही. तो ड्रॉप स्टेरॉइडचा होता, हे पुढे कळले. त्याने लाली थोडी कमी झाल्यासारखी वाटली. आम्ही काकूंना म्हणालो, “बघा काकू, उतार पडला.” दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे नाना अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, “लेका, ह्या डोळ्यानं दिसंनाच गेलंय रं.”

त्याच दिवशी लातूर गाठले. तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यावर बॅटरी मारण्याच्या आधी तीन प्रश्न विचारले. ताप कधीपासून आहे? साखर आहे का? अंगावर कुठे जखम, गळू, काळपुळी आहे का? त्यांनी पायाचे फडके सोडायला लावले. मग ते म्हणाले, “आजार डोळ्यात सुरू झालेला नाही. पायातला जंतू रक्तातून डोळ्यात गेला आहे.”

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य टेबलावरच्या फायलीत गेलेले. पायातला पू डोळ्यात जाऊ शकतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. त्यानंतर तज्ज्ञांना विचारून व वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पायातला जंतू डोळ्यात जातो कसा?

आपला डोळा म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरचा एक गोळा. त्याच्या आत, भिंगाच्या मागे, काचेसारखा पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. तो सुमारे ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही एवढा. त्याच्या मागे दृष्टिपटल. त्यावर चित्र उमटते, म्हणून आपल्याला दिसते.

या जेलीत रक्तवाहिन्या नाहीत. रक्त आणि डोळ्याचा आतला भाग यांच्यामध्ये निसर्गाने एक बारीक जाळीची भिंतही घातली आहे. एरवी ती जंतूंना आत येऊ देत नाही. परंतु अंगात कुठेतरी मोठा जंतुसंसर्ग असला, जंतू रक्तात उतरले आणि शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडली, तर काही जंतू डोळ्यामागच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि ती भिंत फोडून आत शिरतात. आत गेल्यावर त्यांना मोकळे रान मिळते. जेलीत रक्तवाहिन्या नसल्याने शरीराचे शिपाई तिथे उशिरा पोहोचतात. औषधेही रक्तातून तिथे पुरेशी जात नाहीत. जी भिंत एरवी डोळ्याचे रक्षण करते, तीच आता औषधाला आडवी येते.

या आजाराला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळ्याच्या आतील अशा संसर्गाचे बहुतेक रुग्ण हे डोळ्याला मार लागल्याने किंवा शस्त्रक्रियेनंतर झालेले असतात. रक्तातून आलेला संसर्ग शंभरात साधारण २ ते ८ जणांना. म्हणजे आजार दुर्मीळ आहे. पण ज्या घरात येतो त्या घराला टक्केवारीचा काय उपयोग? शिवाय तो दुर्मीळ आहे म्हणूनच सुरुवातीला ओळखू येत नाही. साधी डोळ्यांची साथ किंवा डोळ्याच्या आतील साधी सूज समजून उपचार होतात आणि मोलाचे तास निघून जातात. डॉक्टरांचीही अशी फसगत होते, याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे.

जंतू निघतात कुठून?

नानांच्या बाबतीत पाय होता. इतरांच्या बाबतीत मूळ वेगळे असू शकते. यकृतातील गळू, लघवीच्या मार्गाचा संसर्ग (आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून अंगावर काढतात तो), न्यूमोनिया, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, काळपुळी, हाडातला पू, आणि हातात बरेच दिवस राहिलेली सलाईनची सुई. ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना धोका अधिक.

पाश्चात्त्य देशांत या आजारात स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस असे जंतू अधिक आढळतात. आशिया खंडात मात्र क्लेबसिएला नावाच्या जंतूचा मोठा वाटा आहे. १९८६ साली तैवानच्या डॉक्टरांनी यकृतात क्लेबसिएलाचे गळू झालेल्या रुग्णांचे डोळे गेल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर पूर्व आशियातून असे कितीतरी अहवाल आले. यातले पुष्कळ रुग्ण मधुमेही होते. काहींच्या पोटात विशेष दुखतही नव्हते. ताप आणि डोळा एवढेच घेऊन ते दवाखान्यात आले आणि सोनोग्राफीत यकृतातला पू सापडला.

हे सर्व आपल्याला दूरचे वाटेल. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. आता साखर हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. तो ऊसतोडीच्या फडावर आहे, बांधकामाच्या पाळीवर आहे, आमच्या कचेरीत आहे. अनवाणी पायाने रानात जाणाऱ्याला साखर असेल आणि त्याला ते माहीतच नसेल, तर धोका दुप्पट.

चेहऱ्यावरचा केसतोड आणि सर्दीचा पू

रक्तातून लांबचा प्रवास करून येणारा संसर्ग हा एक प्रकार. दुसरा प्रकार शेजाऱ्याकडून येणारा. नाकाच्या बाजूला हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्यांच्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या मध्ये कागदासारखे पातळ हाड आहे. लहान मुलांची सर्दी मुरली, पोकळीत पू झाला, तर तो हे हाड ओलांडून डोळ्याच्या मागे जाऊ शकतो. पापणी सुजून डोळा बंद होतो, ताप येतो. डोळा पुढे आल्यासारखा दिसला, हलवताना दुखला, किंवा मुलाला एकाचे दोन दिसू लागले, तर ती साधी रांजणवाडी नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दाढेच्या मुळाशी झालेला पूही कधीकधी असाच वर सरकतो.

आमच्या माता-भगिनींना आणि तरुण मुलांना आणखी एक सांगणे. नाकाच्या शेंड्यावर, नाकपुडीच्या कडेला किंवा वरच्या ओठावर आलेला केसतोड, पुटकुळी नखाने दाबून फोडू नका. या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेला मिळतात आणि त्यांतून रक्त उलट दिशेनेही वाहू शकते. दाबलेला पू आत गेला तर डोळा आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. घरात आरशासमोर उभे राहून केलेला हा उद्योग अत्यंत महाग पडू शकतो.

‘दुसरीकडचा आजार डोळ्यात जातो’ हे महाराष्ट्राने २०२१ साली फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने, ज्याला लोक काळी बुरशी म्हणत, नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत मजल मारली. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत त्याचे सर्वाधिक रुग्ण होते. जीव वाचवण्यासाठी कितीतरी जणांचे डोळे काढावे लागले. तो जंतू नव्हता, बुरशी होती. पण गणित तेच होते. वाढलेली साखर, स्टेरॉइडचा मारा आणि सुरुवातीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष.

‘एक सलाईन लावा’

खेड्यात अशक्तपणा आला की ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा’ असा आग्रह धरण्याची पद्धत आहे. सलाईन लागली नाही तर डॉक्टर हुशार नाही, असे समजले जाते. चंदीगडच्या पीजीआय या नामांकित संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी २००० साली एक अहवाल प्रसिद्ध केला. दूषित असल्याचा संशय असलेली ग्लुकोजची एकच सलाईन शिरेतून घेतल्यानंतर रुग्णांच्या डोळ्यात बुरशीचा संसर्ग झाला होता. गरज असेल तेव्हा सलाईन जीव वाचवते, यात शंका नाही. पण गरज नसताना शिरेत सुई टोचून घेणे म्हणजे घराचा मागचा दरवाजा उघडा ठेवणे होय. रुग्णालयात दाखल माणसाच्या हातावरची सुईची जागा लाल झाली, सुजली, ठणकू लागली, तर परिचारिकेला ताबडतोब सांगावे. भीड धरू नये.

साथ कोणती आणि धोका कोणता?

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, हे सर्वांना आठवत असेल. त्या साथीत बहुधा दोन्ही डोळे येतात. चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते. पण चिपडे पुसून टाकले की दिसते. शेजारीपाजारी, शाळेत, घरात इतरांनाही तोच त्रास असतो. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांचे डोळे बरे होतात.

आतला संसर्ग वेगळा. तो बहुधा एका डोळ्यात असतो, क्वचित दोन्हीत. डोळा खोलवर दुखतो. उजेड सहन होत नाही. दृष्टी धूसर होते, समोर काळे ठिपके किंवा जाळे तरंगते. कधी बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरट पुवाची रेघ दिसते. आणि अंगात ताप, थंडी, जखम, लघवीची जळजळ, बरगडीखाली दुखणे असे काहीतरी आधीपासून असते. मात्र प्रत्येकाला ताप असेलच असे नाही. फार आजारी किंवा वृद्ध माणूस तर डोळ्याची तक्रारही करत नाही. घरच्यांनीच विचारावे लागते.

एक सोपी परीक्षा आम्ही आता प्रत्येक घरात सांगतो. एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा आजारी डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून माणसाला उशिरा कळते. नानांना आम्ही पहिल्याच दिवशी एवढे विचारले असते तरी पुरे होते. या परीक्षेत दृष्टी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये. पण दृष्टी कमी आली तर एक रात्रही थांबू नये.

उपचार काय असतात?

या आजारात ड्रॉपने भागत नाही. डोळ्याच्या आतील द्रवाचा नमुना सुईने काढून तपासणीला पाठवतात आणि त्याच वेळी व्हँकोमायसिन, सेफ्टाझिडिम यांसारखी प्रतिजैविके थेट डोळ्याच्या आत, एक दशांश मिलिलिटर इतक्या अल्प मात्रेत देतात. ‘डोळ्यात इंजेक्शन’ म्हटले की नातेवाईक घाबरतात, नको म्हणतात. आमच्या काकूही रडू लागल्या होत्या. पण डोळा भूल देऊन बधिर केलेला असतो आणि औषध जंतूपर्यंत पोहोचवण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे. गरज पडल्यास विट्रेक्टॉमी नावाच्या शस्त्रक्रियेने आतली पुवाळलेली जेली काढून टाकतात.

याबरोबर मूळ शोधणे तितकेच महत्त्वाचे. रक्ताची व लघवीची कल्चर तपासणी, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा इको, आणि शिरेतून प्रतिजैविके. कारण जो जंतू डोळ्यात गेला तो मूत्रपिंडात, मेंदूतही जाऊ शकतो. डोळ्याचा डॉक्टर आणि शरीराचा डॉक्टर दोघांनी मिळून हा रुग्ण सांभाळावा लागतो. म्हणूनच अशा रुग्णाला जिथे दोन्ही सोयी आहेत अशा मोठ्या रुग्णालयात नेणे हिताचे. आमच्या भागातल्या लोकांना धाराशिव, लातूर, सोलापूर व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. हैदराबादला जाणाऱ्यांसाठी १९८७ साली सुरू झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. ज्यांची ऐपत नाही अशा रुग्णांवर तिथे मोफत उपचार होतात.

पैशाअभावी कुणी घरी बसू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत असू द्यावे. ताप जास्त असेल, माणूस गळून गेला असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डोळा गेल्यावर

नानांच्या डोळ्यात इंजेक्शन दिले गेले, पायाचा पू काढला गेला, साखर ताब्यात आली. पाय वाचला, जीव वाचला. डोळा मात्र वाचला नाही. काही महिने उजेड तेवढा कळत होता, मग तोही गेला. तज्ज्ञ म्हणाले, तीन दिवस आधी आला असता तर खात्री नसती दिली, पण संधी मोठी होती. तो ड्रॉप कुणी आणला, असेही त्यांनी विचारले. नाना आमच्या आधी बोलले, “म्याच मागवला हुता.” त्यांनी मागवला नव्हता.

पुढे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही कागद जमवले. कारकुनाला निदान एवढे तरी करता यावे! पण नियम असा की एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर अपंगत्व ३० टक्के धरले जाते. सवलतींसाठी लागते ४० टक्के. म्हणजे एका डोळ्याने माणूस विहिरीचा काठ चुकतो, बैलगाडीचा अंदाज चुकतो, रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली मोटार दिसत नाही, तरी सरकारदरबारी तो अपंग नाही. डोळा गेल्यावर भरपाई मिळेल या आशेवर कुणी राहू नये. डोळा जाऊ न देणे हाच उपाय.

तो उपाय महाग नाही. साखरेची तपासणी नियमित करावी, गोळी चुकवू नये. रानात अनवाणी जाऊ नये. रात्री झोपताना साखरेच्या माणसाचे तळपाय उजेडात पाहावेत. त्याला दिसत नसेल तर सुनेने, नातवाने पाहावेत. जखम, गळू, उन्हाळी, हुडहुडीचा ताप अंगावर काढू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात कोणताही ड्रॉप घालू नये, आणि दूध, मध तर मुळीच नाही. अंगात आजार असताना डोळा दुखला किंवा दृष्टी कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा व अंगातल्या आजाराची सर्व हकीकत त्यांना सांगावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने आमच्या भागाला एक गोष्ट शिकवली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसासाठी पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. डोळ्याच्या बाबतीतही तेच खरे आहे.

नाना आता पंचाहत्तरीला आले आहेत. पारावर बसतात. कुणी डोळा चोळत आला की ते डोळ्याचे काही विचारत नाहीत. विचारतात, “अंगात ताप हाय का रं? पाय दाखव आधी.” लोक हसतात. हसू द्या. गावाने एवढे दोन प्रश्न विचारायला शिकावे, हीच वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे.